व्हिएन्नाला जाऊन पाणी न पिणे

सावली, ९ मार्च २०२५

चि. भूपेश,

आशीर्वाद नाहीत. रंजीताने सवयीप्रमाणे 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. खोडलेलं दिसत असेल तर दिसू दे. मला वाचता येत नसलं तरी ती वर्गात शिकवल्यासारखी मोठ्याने म्हणत लिहिते, त्यामुळे तिची चोरी लगेच सापडते.

तुझी बहीण माझ्या बोलण्याला इस्त्री करून लिहिते. मी 'मले' म्हटलं की ती 'मला' लिहिते. म्हणते, "माय, कागदावर बरं दिसते." दिसू दे बापडं. शिव्यांवर मात्र इस्त्री फिरवायची नाही, असं आमचं ठरलं आहे.

परवा तिने मोबाईलवर तुझी जाहिरात दाखवली. आधी एक मोठं देऊळ, त्यांच्या देवाचं. मग तू, कोट घालून, हात हलवत. आणि मग तुझे बाबा. नाटकाच्या स्टेजसमोर, गळ्यात मफलर, पायपेटीवर दोन्ही हात, डोळे वर नटाच्या तोंडाकडे. तेरवीच्या दिवशी 'माय, कॉपी काढून आणतो' म्हणून तू भिंतीवरून काढून नेलेला तोच फोटो. भिंतीवर तेव्हापासून खिळाच आहे.

फोटोवर अक्षरं आली. काय लिहिलं म्हणून विचारलं तर रंजीता म्हणे, "राहू दे ना माय." राहू दिलं नाही. मग तिने वाचलं: "माझ्या बाबांचं स्वप्न अपुरं राहिलं. तुमच्या आईबाबांचं राहू देऊ नका. युरोपची संगीत आणि इतिहास सफर, पाच देश. आजच नाव नोंदवा."

मी ते पुन्हा वाचायला लावलं. एकदा ऐकून विश्वास बसण्यासारखं ते नव्हतंच.

भूपेश, ते स्वप्न त्यांचं नव्हतं, तू पेरलेलं होतंस. ते बिचारे वर्षभर वैनगंगेत नि तलावात जाळं टाकत होते, आणि धान निघालं, गावोगावच्या मंडईचे, जत्रांचे दिवस आले की झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवत होते. त्यांना त्यात काही कमी नव्हतं. तूच त्या देवळातला व्हिडिओ पाठवलास. 'बाबा, हा ऑर्गन, तुमच्या पेटीची आजी. हिच्या नळ्या सागाच्या झाडाएवढ्या. तुम्हाला आणतोच ऐकायला.' त्या दिवसापासून माणूस बदलला. गडचिरोलीला जाऊन फोटो काढला, नागपूरला जाऊन पासपोर्ट केला, सोबत माझाही केला, कारण एकट्याला विमानाची भीती. तलावावर सगळे विचारायचे, "धनराजभाऊ, कधी जाऊन राह्यले?" ते सांगायचे, "सप्टेंबरात." सप्टेंबर आला की तुझा फोन यायचा, बाबा, या वर्षी ग्रुप मोठा आहे, पुढच्या वर्षी नक्की. मग तलावावर ते पुन्हा सांगायचे, "सप्टेंबरात." लोक हसू लागले तेव्हा ते दुसऱ्या घाटाने जाऊ लागले. तू बसभर लोकांचे बाप फिरवत होतास आणि तुझा बाप घाट बदलत होता.

ते गेले. तू आलास, तेरवी केलीस, फोटो घेतलास, परत गेलास. तेवढंही मी गिळलं असतं. पण तू त्यांच्या न जाण्याची जाहिरात केलीस.

म्हणून कळवते की मी येत आहे. तुझ्या घरी नाही, तुझ्या गावाला, व्हिएन्नाला. आपल्याकडची रीत तू विसरला असशील. ज्याच्याशी वाकडं झालं त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही. पण घरी बसून पाणी तोडता येत नाही, ते कोणाला कळणार? त्याच्या दारापर्यंत जावं लागतं, त्याने गिलास पुढे करावा लागतो, चार लोकांनी पाहावं लागतं, आणि मग नाही म्हणावं लागतं. माझी मनकर्णामावशी पोंभुर्ण्याला भावाच्या पोराच्या लग्नाला पायी गेली, मांडवात दिवसभर बसली, थेंब घेतला नाही आणि पायी परत आली. आयुष्यभर तो भाऊ लोकांना सांगत फिरला की मी काही एवढं वाईट केलं नव्हतं.

तुझा दरवाजा लांब आहे एवढाच फरक.

फोनवर बोलणार नाही. फोनवर मी काही टोचून बोलले की तुला 'माय, आवाज येत नाही' होतं. पत्रात आवाज बरोबर येतो.

तुझी माय

सावली, २० एप्रिल २०२५

चि. भूपेश,

तुझा निरोप रंजीताने सांगितला. 'माय, माझ्याच ग्रुपमध्ये ये, एक रुपया लागणार नाही, सगळ्यात पुढची सीट देतो.' पुढच्या सीटवर बसवून माझाही फोटो काढशील, आणि खाली लिहिशील की बाबांचं राहिलं पण आईचं केलं. मग बुकिंगला तोटा नाही.

पैशाची काळजी करू नकोस. तुझ्या बाबांनी याच कामासाठी बाजूला टाकलेले आहेत. तुझ्यावर भार नको म्हणत होते.

मी प्रफुलच्या बसने येते. हो, तोच, वडसाचा प्रफुल. ज्याला तू इथून मोठ्या कौतुकाने नेलंस, बॅगा उचलायला लावल्यास, बिलं लिहायला लावलीस, आणि बस उशिरा आली म्हणून सगळ्या पाहुण्यांसमोर चूक त्याच्या डोक्यावर घालून काढून टाकलंस. बस तूच उशिरा सांगितली होतीस. ते त्याने मला सांगितलं नाही, त्याच्या आईने सांगितलं. आता तो प्रागला असतो आणि स्वतःच्या लहान लहान सफरी काढतो. त्याला फोन लावून म्हटलं, "बाबू, मी भूपेशची माय." तो म्हणाला, "आजी, माह्याकडून काही चुकलं का?" पाहा, तू माणसाला कसं करून ठेवलंस.

दर रविवारी तो मोबाईलवर दिसतो आणि आम्ही सफर आखतो. रंजीता शाळेतला नकाशा आणते, खाली अंथरते, आणि तो गावाचं नाव घेईल तिथे मी लाखोरीचा दाणा ठेवते. नाव वाचता येत नाही तर दाणा मोजता येतो. कोंबडीने एकदा अर्धा जर्मनी खाल्ला.

प्रागपासून सुरुवात. तिथे किल्ला आहे, पूल आहे, राजांच्या पुष्कळ गोष्टी आहेत असं तो म्हणतो. मी म्हटलं, चंद्रपूरच्या परकोटातून बाजाराला गेलेल्या बाईला किल्ल्याचं काय सांगतोस, पेट्या कुठे आहेत ते सांग. मग त्याने लाइपझिग सांगितलं. तिथल्या देवळात एक बाखबुवा पेटीवाले होऊन गेले, तिथेच त्यांना पुरलंही. वीस लेकरं होती म्हणे त्यांना. वीस. एखादं तरी बापाजवळ बसलं असेल.

त्यानंतर साल्झबर्ग. तिथे मोझार्टचं घर आहे. त्याचा बाप या पोराला एवढासा असताना घोडागाडीत घालून देशोदेशी फिरला, राजांसमोर बसवून वाजवायला लावलं. मी प्रफुलला म्हटलं, हे गाव चांगलं लांबवून दाखव. बाप पोराला फिरवतो ते तर दिसेल. पोरगा बापाला फिरवतो असं एखादं गाव असेल तर तेही सांग. तो म्हणाला, "आजी, तसं गाव नाई इकडं."

मग पासाऊ, तिथे सगळ्यात मोठी पेटी आहे. मग व्हिएन्ना. मग बुडापेस्ट, आणि तिथून घरी.

व्हिएन्ना आलं तेव्हा प्रफुल घाबरत म्हणाला, "आजी, इथून नुसतं पुढं निघून जाऊ का? रस्ता आहे बाजूनं." मी म्हटलं, बाजूने जायला मी एवढी आखून राहिली का? मी नकाशावर तुझ्या गावी दाणा ठेवला नाही, खडा ठेवला. रंजीता माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "माय, तो माहा भाऊ होय." मी म्हटलं, "आन फोटोतला तुहा कोण होय?" त्यावर ती लिहायला लागली.

तुझी माय

सावली, २९ जून २०२५

चि. भूपेश,

व्हिसा मिळाला. व्हिसाच्या कचेरीतली पोरगी फार गोड बोलायची. मी आयुष्यभर अंगठा देत आले, रेशनला अंगठा, बँकेत अंगठा. हिने दहाही बोटं मागितली. मी म्हटलं, मॅडम, न शिकण्याची एवढी शिक्षा? ती हसली. कागदावर प्रवासाचं कारण लिहायचं होतं. मी रंजीताला म्हटलं, लिही, पाणी न पिणे. तिने 'संगीत व इतिहास' लिहिलं. सरकारला खोटं सांगितलं ते तिच्या माथी.

तू जाहिरात काढून टाकलीस, ते कळलं. बरं केलंस. पण ती काढली म्हणजे माझी सफर रद्द झाली असं समजू नकोस. डोक्यात दगड घालून मग दगड उचलून नेला, तर डोकं काही भरून येत नाही.

तू रंजीताला लांबलचक निरोप पाठवलास, तिने तो मला वाचून दाखवला. धंदा नवीन होता. कर्ज होतं. सप्टेंबर म्हणजे तुझा सीझन. बाबांनाही सीझन म्हणजे काय ते माहीत होतं, ते समजून घेत होते. हो, माहीत होतंच. तू पहिल्यांदा नागपूरला हॉटेलचं शिकायला निघालास, त्या रात्री नवरगावला त्यांचं नाटक होतं, पोस्टरवर त्यांचं नाव होतं. त्यांनी मंडळाला सांगितलं, दुसरा पेटीवाला पाहा, माझा पोरगा जाऊन राहिला आहे. मूल गावाच्या एसटी स्टँडवर तुझी बॅग धरून उभे होते. त्या वर्षी त्या मंडळाने त्यांना पुन्हा बोलावलं नाही. हे त्यांनी तुला कधी सांगितलं नाही आणि मीही सांगणार नव्हते. सीझनची गोष्ट तू काढलीस.

आणि आता लिहिते ते नीट वाच. प्रफुलने परवा खालमानेने सांगितलं की तू त्याला फोन केलास. व्हिएन्ना वगळ, म्हणालास. मायला सांग की रस्ता बंद आहे, हॉटेल मिळालं नाही, काहीही सांग. वगळलंस तर पुन्हा कामावर घेतो, भागीदार करतो. तो म्हणाला, "आजी, मी नाई म्हटलं. पण तुम्हाले माहीत असावं म्हणून."

म्हणजे बापाला आणायला तुझ्याकडे रस्ता नव्हता, आणि मायला अडवायला आहे.

भूपेश, तुला माझी लाज वाटते की भीती वाटते, ते ठरव. तुझ्या पाहुण्यांनी पाहावं की लुगडं नेसलेली, कपाळावर गोंदण असलेली एक म्हातारी दुसऱ्याच्या बसमधून येऊन तुझ्या दारी पाणी नाकारून गेली, याला तू घाबरतोस. घाबरायलाच पाहिजे. मी प्रफुलला सांगितलं आहे की व्हिएन्नाला बस शहराच्या चौकात नको, तुझ्या गल्लीत उभी करायची. दुपारी. लोक जागे असतात तेव्हा.

माझ्या बीपीच्या गोळ्यांची काळजी करू नकोस. रंजीताने प्रत्येक गावाची पुडी वेगळी बांधली आहे. व्हिएन्नाच्या पुडीत तिने एक जास्तीची घातली.

तुझी माय

लाइपझिग, ७ सप्टेंबर २०२५

चि. भूपेश,

हे पत्र प्रफुल लिहून राह्यला. अक्षर ओळखशील, याच अक्षरात तुही बिलं निघत होती. हा इस्त्री करत नाई. मी बोलली का तसंच उतरवते. रंजीता पाहीन तर तिले ताप येईन.

विमानात काही झालं नाई. खिडकीतून ढग दिसले, पिंजलेल्या कापसावानी. बाजूची बाई माळ ओढत होती, म्या तिले म्हणलं, बाई, झोप, तुया माळेनं हे चालत नाई.

बसमध्ये सगळे आपल्याच इकडचे. ब्रह्मपुरीचे दोन मास्तर, अहेरीचे एक काका-काकू, नागपूरच्या चार बाया. त्याइले वाटते मी गाण्याची मोठी जाणकार. म्या काही सांगितलं नाई, वाटू दे.

प्रागचा किल्ला पाह्यला. चांगला आहे, झाडलोट चांगली ठेवतात. आज इथं देवळात गेलो. त्या बुवांची समाधी खालीच आहे, जमिनीत, वर फुलं. म्या खाली बसली. नागपूरवाल्या बाया फोटो काढत होत्या. मंग वरून पेटी सुरू झाली.

भूपेश, तू व्हिडिओ पाठवला होता त्याच्यात काहीच नव्हतं. त्याच्यात आवाज होता फक्त. हे अंगाले लागते. बाकाचं लाकूड हालते, छातीतलं हाड हालते. मी डोळे मिटून तुया बाबाले शोधत होती. हाताची चाल कुठी सापडते का म्हणून. एक दोनदा सापडली. पडदा पडाच्या आधी ते एक लांब सूर धरून ठेवत, नट आत जाईपर्यंत, तसा एक सूर इथल्या माणसानं धरला. बाजूचे मास्तर म्हणे, "आजी, डोळ्याले काय झालं?" म्या म्हणलं, धूळ. एवढ्या साफ देवळात धूळ.

हे तुले सुख व्हावं म्हणून नाई सांगून राह्यली. तुले कळावं म्हणून का तू त्याइच्यापासून नेमकं काय ठेवून घेतलं. आतापर्यंत मलेही माहीत नव्हतं. आता माहीत झालं, तर राग दुप्पट झाला.

तुही माय

पासाऊ, १२ सप्टेंबर २०२५

भूपेश,

इथची पेटी म्हणजे घर आहे. बाहेरून देऊळ, आत सगळी पेटीच. नळ्या मोजायले बसलं तर जन्म जाईन. गाणं झाल्यावर प्रफुलनं वाजवणाऱ्याले खाली गाठलं आन माह्याकडे आणलं. म्या प्रफुलले इचारायले लावलं का हवा कोण भरते. तो म्हणे मोटर आहे. म्या सांगायले लावलं का माहा माणूस पायानं हवा भरे, हातानं वाजवे, नट चुकला तर तोंडानं त्याले वाक्य सांगे, आन थंडीत बोटं आखडली का मधातच फुंकर घाले. तो गोरा माणूस बराच वेळ ऐकत होता. मंग काही तरी बोलला. प्रफुल म्हणे, तो इचारते, तुमचे मालक इथं कधी आले होते का?

म्या काय सांगू त्याले. सांगितलं, पोराचा सीझन होता.

त्याले ते काही समजलं नाई. प्रफुलले समजलं.

साल्झबर्गले त्या बापाचं घर पाह्यलं. पोराचा लहानपणचा सारंगीवानी बाजा काचेत ठेवला आहे. बापाचा पायजामा काही कोणी ठेवला नाई.

परवा दुपारी तुया गल्लीत येतो. प्रफुलले झोप नाई लागून राह्यली. मले चांगली लागते.

तुही माय

बुडापेस्ट, १५ सप्टेंबर २०२५

भूपेश,

काल काय झालं ते तुले माहीत आहे, तू तिथीच होता. पण तू तुया डोळ्यानं पाह्यलं. मी खिडकीतून पाह्यलं, ते तुले सांगाचं म्हणून प्रफुलले बसवलं.

बस गल्लीत वळली तर तू फुटपाथवर उभा. टेबल मांडलेलं. स्टीलचे गिलास, जग, परातभर चिवडा. तुही बायको वरच्या खिडकीत होती, खाली आली नाई, शहाणी आहे. म्या लगेच वळखलं का तुह्या डोक्यात काय आहे. सगळ्या बसले पाजलं का माय एकटी कशी नाई म्हणन. धंदेवाला झाला तू, गिऱ्हाईक कसं वळते ते तुले समजते.

सगळे उतरले. मी नाई उतरली. अहेरीचे काका गिलास हातात घेऊन खिडकीखाली आले. "बाई, गार आहे. पोरानं मनानं केलं. उतरा." म्या म्हणलं, काका, तुमी प्या, तुमचा का वाद आहे.

मंग तू तुया रिंकूले पुढं केलं. पोरगी केवढी झाली. उंच, तुया बाबासारखी. बसमध्ये चढली, पाया पडली, आन म्हणे, "आजी, मी दिलं तर?" म्या इचारलं, जग कोणाचा? ती म्हणे, "बाबांचा." म्या म्हणलं, "मंग जग तिथीच राहू दे, तू इथी माह्याजवळ बस." ती बसली. माह्या हातावरचं गोंदण पाहत होती. लेकराचा का दोष. तिचा हात म्या शेवटपर्यंत सोडला नाई.

तू दारात आला. एक पाय पायरीवर. सगळ्याइच्या देखत म्हणला, "माय, एक घोट."

म्या म्हणलं, "आधी सगळ्याइले पाज."

तू पाजलं. मास्तराले, बायाइले, काका-काकूले. डायवरलेही दिलं. प्रफुलच्या पुढं गिलास धरताना तुहा हात थांबला, मंग दिला, त्यानंही घेतला. मी सगळं पाहून राह्यली होती. किती चांगलं पाजते तू लोकाइले. कोणाचा गिलास रिकामा राहू देत नाई.

"झालं का सगळ्याइचं?" म्या इचारलं.

"झालं."

"पाय बरं, कोणी राह्यलं का?"

तू इकडे तिकडे पाह्यलं. खरंच पाह्यलं, तेव्हा मले तुही कीव आली थोडी. मंग म्हणला, "तूच राह्यली ना माय."

"मी कुठी राह्यली? मी त आली. पासपोर्टावर शिक्का आहे माह्या. राह्यला तो दुसरा."

अहेरीच्या काकाचा गिलास तसाच हातात. तू पायरीवर बसून गेला, तोंडावर हात घेऊन. गिलास खाली ठेवायचंही तुले सुचलं नाई, पाणी तुया बुटात गेलं. लहानपणी पडला का असाच बसे. तेव्हा तुहे बाबा जाळं टाकून पळत येत. काल कोण येणार होतं.

माहा हात उठला होता. हे रिंकूनं पाह्यलं, तू नाई पाह्यलं. म्या तो खाली घेतला.

मंग म्या म्हणलं, "दरवाजा लागू दे." तू उतरला. रिंकू उतरली. बस निघाली. म्या मागं पाह्यलं नाई, पण प्रफुल आरशात पाहे, आन म्या न इचारता सांगे, "उभेच आहेत, आजी. अजून उभेच आहेत."

जे कराले आली ते पुरं झालं. तुया गल्लीनं पाह्यलं, चार बायाइनं पाह्यलं, आतापर्यंत नागपूरभर झालं असन. मले वाटलं होतं का मन भरन. मन काही भरलं नाई रे. घसा तेवढा कोरडा पडला. मनकर्णामावशी पोंभुर्ण्यावरून पायी परत आली तेव्हा तिनं हे कोणाले सांगितलं नाई. चूपचाप चुलीपाशी जाऊन बसली होती.

माफ नाई केलं. कोणी इचारलं तर तसंच सांग.

इथी हाटेलात आलो तर खोलीत शिरताबरोबर म्या नळाचा गिलास भरला आन उभ्या उभ्या पेलं. दुसरा भरला, तोही पेला. तिसरा भरून खिडकीत आली तर समोर मोठी थोरली नदी, आपल्या वैनगंगेले श्रावणात पाणी राहते तशी. म्या प्रफुलले इचारलं, हिचं नाव का? तो म्हणे, डॅन्यूब. कुठून येते? तो बॅग उघडायले लागला. म्या पुन्हा इचारलं.

"व्हिएन्नावरून, आजी."

"आन हे नळाचं?"

"ह्याच नदीचं."

"तुले आधी सांगता नाई आलं?"

"तुमी पेऊनच टाकलं ना."

मी खाटेवर बसली. प्रफुल माह्या तोंडाकडे पाहे, आता का होते म्हणून. आपण नदीकाठची माणसं आहो, भूपेश. तुले आठवत असन, वरच्या गावाशी आपला घाटावरून वाद झाला होता. बोलणं बंद, येणं जाणं बंद, त्याइच्या लग्नाले आपण नाई, आपल्या मयतीले ते नाई. पण सकाळी उठून आपण तेच पाणी भरलं. त्याइनं वरतून आंघोळ केलेलं, बैल धुतलेलं. त्या पाण्याले नाई म्हणलं असतं, तर भरलं कुठून असतं? तुहे बाबा त्याइले दिवसभर शिव्या देत आन त्याइच्याच पाण्यात जाळं टाकत.

तर हे मोजायचं नाई. घरचं पाणी वेगळं, नदीचं वेगळं. म्या नियम मोडला नाई. ब्रह्मपुरीच्या मास्तराले इचारलं, ते शिकलेले आहेत, तेही म्हणतात मोडला नाई. तू लोकाइले सांगत फिरू नको का मायनं माह्या गावचं पाणी पेलं.

तिसरा गिलास अर्धा राह्यला होता. प्रफुल म्हणे, "आजी, फेकून देऊ का?"

म्या म्हणलं, ठेव. राह्यलेलं रागातच पेलं, पण पुरं पेलं.

तुही माय